कोडची पीडीएफ सगळ्यांकडे आहे, पण कोणत्या सालची?

प्रश्न थोडक्यात असा: सातारा भागात साइटवर काम करणाऱ्या एका तरुण इंजिनिअरला व्हॉट्सॲप ग्रुपवर साठ जीबीची लिंक मिळाली आहे. त्यात आयएस कोड (बीआयएस म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची मानकं), आयआरसी (इंडियन रोड्स काँग्रेसचे रस्ते-पुलांचे कोड), देशी-विदेशी पुस्तकं, शोधनिबंध आणि डिझाइनच्या एक्सेल शीट असं सगळं आहे. त्यांनी विचारलंय की हे उतरवून घ्यावं का, हे कायद्यात बसतं का, पेपर मिळवायचा रास्त मार्ग कोणता आणि सीनियर मंडळी आपल्याकडचं काही देत का नाहीत. शेवटी त्यांच्या दिवंगत सरांच्या हस्तलिखित नोट्सबद्दलही एक प्रश्न आहे.

आधी त्या लिंकबद्दल. साठ जीबी उतरवून तुमच्या कामात तसूभर फरक पडणार नाही. अशी फोल्डरं हाताखालच्या पोरांच्या लॅपटॉपवर मी नेहमी बघतो. एकाच कोडच्या चार-चार प्रती, एकीचं नाव 'फायनल', दुसरीचं 'न्यू', तिसरी अर्धवट स्कॅन. आणि स्लॅब भरायच्या आदल्या रात्री त्यातली जी पहिली उघडते ती वापरली जाते. चोरीचा मुद्दा आहेच, त्यावर येतो. पण त्याआधीचा मुद्दा असा की आपल्या धंद्यात चुकीच्या सालचा कागद हा कागद नसण्यापेक्षा वाईट. कागद नसला तर माणूस निदान कोणाला तरी फोन करतो.

उदाहरणं द्यायला हवीत, नाहीतर हे नुसतं प्रवचन होईल.

पुण्या-साताऱ्याकडचं रोजचं भांडण घ्या. आर्किटेक्टला कॉलम नऊ इंची भिंतीत लपवायचा असतो, म्हणून २३० मिमी. तुम्ही नाही म्हणता. मग कोणीतरी आयएस १३९२० ची, म्हणजे भूकंपात टिकणाऱ्या काँक्रीटच्या बांधणीच्या कोडची, पीडीएफ काढून दाखवतो: कॉलमची किमान बाजू २०० मिमी, आणि बीमचा स्पॅन ५ मीटरच्या वर किंवा कॉलमची मोकळी उंची ४ मीटरच्या वर असेल तरच ३००. त्याचं वाचन बरोबर असतं, फक्त ती प्रत १९९३ ची असते. २०१६ च्या आवृत्तीत किमान बाजू ३०० मिमी किंवा त्या जोडातून जाणाऱ्या बीमच्या सगळ्यात जाड सळईच्या वीसपट, यातलं जे जास्त ते. म्हणजे बीममध्ये १६ ची सळई असेल तर ३२० झाले, २० ची असेल तर ४००. इथे ३०० सुद्धा पुरत नाही हे पुष्कळ जणांच्या लक्षातच येत नाही, कारण नवीन कोडमधला '३००' हा एकच आकडा ग्रुपवर फिरत आलेला असतो, वाक्याचा उरलेला भाग वाटेत गळतो. सातारा, पुणे, मुंबई, नाशिक २०१६ च्या आयएस १८९३ च्या (भूकंपाच्या कोडच्या) नकाशात झोन तीन किंवा त्याहून जास्त धोक्याच्या झोनमध्ये येतात, तेव्हा हा कोड तिथे टाळता येत नाही.

दुसरं उदाहरण कोकणातलं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या मुख्य कोडच्या १९७८ च्या आवृत्तीत स्लॅबचं कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, १५ मिमी, बीमला २५, कॉलमला ४०. खाऱ्या हवेत ते वाढवा अशी वेगळी तरतूद तिथे होती, पण ती मजकुरात दडलेली. २००० च्या आवृत्तीत पद्धतच बदलली. आधी हवामानाचा वर्ग ठरवायचा आणि कव्हर त्यावरून काढायचं: सौम्य असेल तर २० मिमी, मध्यम ३०, तीव्र ४५, अतितीव्र ५०, आणि टोकाच्या परिस्थितीत ७५. समुद्रकिनाऱ्याच्या हवेला उघडं असलेलं काँक्रीट 'तीव्र' वर्गात जातं आणि त्याला किमान एम ३० लागतं (एमपुढचा आकडा म्हणजे काँक्रीटची ताकद, न्यूटन प्रति चौरस मिमीमध्ये). आता गंमत बघा. डिटेलिंगचं (सळ्यांच्या मांडणीचं) एसपी ३४ हे हँडबुक १९८७ चं, म्हणजे ते १९७८ च्या कोडवर बेतलेलं. हँडबुक उत्तम आहे, आजही मी पोरांना त्यातल्या आकृत्या बघायला लावतो. पण रत्नागिरीच्या बंगल्यासाठी त्यातली कव्हरची आकडेवारी उचलली, तर दहा-बारा वर्षांत स्लॅबखालचं प्लास्टर फुगून सळई दिसायला लागली तर नवल नाही. फोल्डरमध्ये मात्र एसपी ३४ आणि आयएस ४५६:२००० शेजारी-शेजारी बसलेले असतात, जणू एकाच घरातले.

तिसरं सगळ्यात बारीक, म्हणून त्यावर जरा थांबतो. आयएस ४५६:२००० हातात असणं पुरेसं नाही, कारण त्याला २०१९ पर्यंत पाच दुरुस्त्या आल्या. त्यातली चौथी, २०१३ ची, तुमच्या रोजच्या कामाची, म्हणजे क्यूबच्या (काँक्रीटचे ठोकळे दाबून ताकद तपासण्याच्या) निकालाची. तक्ता ११ मध्ये मूळ अट अशी होती की एम २० आणि वरच्या काँक्रीटसाठी कोणताही एक निकाल ठरलेल्या ताकदीपेक्षा ४ न्यूटन प्रति चौरस मिमीपेक्षा जास्त खाली जाता कामा नये. दुरुस्तीनंतर ते ४ चं ३ झालं. समजा एम २५ आहे आणि तीन क्यूबची सरासरी २१.६ आली. मूळ छापील कोड उघडून बसलेला ठेकेदार म्हणेल, पास. २१ ची मर्यादा आहे, आपण वर आहोत. दुरुस्ती लावलेली प्रत म्हणते २२ हवेत, म्हणजे नापास. मग कोअर (भरलेल्या काँक्रीटचा कापून घेतलेला नमुना) काढा, तपासणी करा, बिल अडवा, ही पुढची सगळी वरात सुरू होते. उलट, सलग चार निकालांच्या सरासरीची अट थोडी सैल झाली. पूर्वी एम २५ ला किमान २९ लागायचे. आता प्रमाण विचलन ४ धरलं तर साडेअठ्ठावीसवर भागतं. म्हणजे 'जुनं ते कडक, जुनं वापरलं तर सुरक्षित' हा आडाखाही चालत नाही. एक कळ दाबली गेली, दुसरी सुटली. आणि ही दुरुस्ती म्हणजे एक सुटा कागद आहे. स्कॅन करणाऱ्याने तो शेवटी जोडला असेल तर तुमचं नशीब.

म्हणून कोणतीही प्रत हातात आली की पहिल्या पानावर साल आणि 'कितवी सुधारित आवृत्ती' ते बघायचं. पुनर्मान्यतेचं साल छापलेलं असतं, त्याला फसायचं नाही. पुनर्मान्यता म्हणजे 'आहे तेच चालू ठेवलं', नवीन आवृत्ती नव्हे. मग शेवटची पानं उलटून दुरुस्त्या मोजायच्या आणि बीआयएसच्या संकेतस्थळावरच्या यादीशी ताडून बघायच्या. पाच मिनिटांचं काम आहे. फाइलच्या नावातच साल आणि दुरुस्ती लिहून टाका, 'आयएस ४५६ - २००० - दुरुस्ती ५ पर्यंत' असं. ग्रुपवर पाठवतानाही याच नावाने पाठवा. 'कोड.पीडीएफ' या नावाने फाइल पाठवणाऱ्याला मी ग्रुपमधून काढत नाही, पण टोकतो जरूर.

मग जुन्या आवृत्त्या पुसून टाकायच्या का? मुळीच नाही, वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवायच्या. मुंबईत महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब खाली तीस वर्षांवरच्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं. तुम्ही १९८५ च्या इमारतीसमोर उभे असता तेव्हा ती कोणत्या नियमांनी बांधली हे कळल्याशिवाय तुम्हाला काही बोलता येत नाही. त्याच्या आधीचं ड्रॉइंग असेल तर त्यावर 'एम १५०' लिहिलेलं सापडतं आणि नवा मुलगा चक्रावतो, कारण आज एम १५० म्हणजे स्वप्नातलं काँक्रीट. १९६४ च्या कोडमध्ये ग्रेड किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये होते, म्हणजे ते आजचं एम १५, साधं १:२:४. सळई पीळ दिलेली टोर, की गुळगुळीत माइल्ड स्टील, हेही त्या काळच्या कागदांवरूनच कळतं. दुसरं उदाहरण किल्लारीचं. ३० सप्टेंबर १९९३ ला भूकंप झाला तेव्हा तो भाग १९८४ च्या आयएस १८९३ च्या नकाशात झोन एकमध्ये होता, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा. २००२ च्या आवृत्तीत झोन एक हा प्रकारच काढून टाकला आणि तो भाग तीनमध्ये आला. लातूर-उस्मानाबादकडच्या १९९० च्या इमारतीला भूकंपासाठी तपासलं होतं का, असं कोणी विचारलं तर जुना नकाशा समोर ठेवूनच उत्तर द्यावं लागतं. जुना कोड हा पुरावा असतो. डिझाइनसाठी तो उघडायचा नाही, एवढंच.

एसपी १६ या डिझाइनच्या चार्टच्या हँडबुकचा उल्लेख राहिला. ते १९८० चं, १९७८ च्या कोडवरचं, तरीही वाकणं आणि कॉलमच्या मूळ गृहीतकांमध्ये २००० साली बदल झाला नाही म्हणून कॉलमचे चार्ट आजही चालतात. स्कॅन वाकडी असली तरी घाबरू नका, जाळीही तिच्याबरोबर वाकडी झालेली असते, त्यामुळे वाचन बिघडत नाही. बिघडतं ते बारीक रेघा उडाल्याने आणि चुकीचा चार्ट उघडल्याने. २७ ते ३८ हे दोन बाजूंना सळ्या असलेले, ३९ ते ५० चारही बाजूंना. साइटवर रिंगमध्ये सळ्या कशा बसणार हे ठरवल्याशिवाय चार्ट उघडायचा नाही. आमच्या पिढीच्या प्रतीत या पानांच्या समासात पेन्सिलीने सूचना लिहिलेल्या असत. एखाद्याची अशी प्रत मिळाली तर कोऱ्या पीडीएफपेक्षा तीच स्कॅन करून घ्या.

आता कायदा. आयएस कोडच्या बाबतीत हा प्रश्न आता जवळपास संपला आहे, हे अजून पुष्कळांना माहीत नाही. पूर्वी अंधेरीच्या मानकालयात जाऊन किंवा पोस्टाने मागवून पैसे भरून कोड घ्यावा लागे. एका छोट्या कन्सल्टंटला सगळे आयएस घेणं परवडत नसे, म्हणून झेरॉक्सचा बाजार चालला. पुढे कार्ल मालामुद या अमेरिकी गृहस्थांच्या संस्थेने हजारो भारतीय मानकं इंटरनेटवर टाकली. कायद्यासारखं बंधन घालणारी मानकं लोकांना फुकट वाचता आली पाहिजेत असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते प्रकरण २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. तुमच्या साठ जीबीतल्या निम्म्या पीडीएफच्या सुरुवातीला माहितीच्या अधिकाराबद्दलचं जे पान दिसतं ते तिथून आलेलं. आता बीआयएस स्वतःच नाव नोंदवून बहुतेक भारतीय मानकं मोफत उतरवू देतं. तेव्हा ग्रुपवरची प्रत वापरण्याचं कारणच उरलेलं नाही. थेट तिथून घेतली की सालाचा घोळही मिटतो. २०१६ च्या बीआयएस कायद्याने स्वतःच्या वापरासाठी प्रत काढायला मुभा आहे, मात्र परवानगीशिवाय पुन्हा छापून वाटायला नाही. म्हणून ग्रुपवर फाइलऐवजी कोडचा नंबर, साल आणि कलम पाठवा. ज्याला हवं तो घेईल.

आयआरसीची गोष्ट वेगळी, ते कोड अजून विकतच घ्यावे लागतात. रस्त्याचं काम करणाऱ्या ऑफिसने आयआरसी ३७, ६ आणि ११२ तरी घ्यायलाच हवेत, रस्त्याच्या एका कामाच्या बिलात हा खर्च दिसणारही नाही. (जाता जाता, ही संस्था १९३४ ची, आणि तिचं मूळ मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या रस्ते समितीत. पुणे विद्यापीठाच्या ग्रंथालयाला ज्यांचं नाव आहे तेच हे जयकर.) सीपीडब्ल्यूडीची (केंद्रीय बांधकाम खात्याची) स्पेसिफिकेशन, रेल्वेच्या आरडीएसओचे कोड, राज्याची दरसूची, एकत्रित विकास नियंत्रण नियमावली हे सगळं सरकारी संकेतस्थळांवर उघडं आहे. यासाठी कोणाच्या पाया पडायची गरज नाही.

पुस्तकांचं मात्र खरोखर अवघड आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये स्वतःच्या अभ्यासासाठी, संशोधनासाठी 'योग्य वापर' चालतो. एका प्रकरणाच्या झेरॉक्ससाठी तुम्हाला कोणी पकडणार नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानावर मोठ्या प्रकाशकांनी खटला भरला होता. उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तो प्रकाशकांच्या विरोधात निकाली काढला. तो दाखला ग्रुपवर वरचेवर फेकला जातो. पण ते शिकवण्यासाठीच्या कोर्सपॅकबद्दल, म्हणजे अभ्यासक्रमातल्या निवडक प्रकरणांच्या झेरॉक्स संचाबद्दल होतं. तुमच्या ऑफिसच्या सर्व्हरवर आठशे पुस्तकं ठेवून त्यावर फी कमावण्याबद्दल न्यायालय काही म्हणालेलं नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, भारतीय लेखकांची पाठ्यपुस्तकं काही शे रुपयांत मिळतात. ज्याच्या पुस्तकावर आपण पदवी मिळवली त्याची रॉयल्टी वाचवून आपण काय मिळवतो, हा हिशोब मला कधी समजला नाही.

विदेशी पुस्तक सात-आठ हजारांचं असतं, तिथे उपाय आहे. छापील पुस्तक विकत घेतलं की ते उसनं देण्यावर कोणतीही बंदी नाही. आठ-दहा कन्सल्टंट मिळून भिशी लावतात तशी दर महिन्याला ठरावीक रक्कम काढायची, दर तिमाहीला एक पुस्तक घ्यायचं, वहीत कोणाकडे आहे ते लिहायचं. हे छोट्या शहरात फार चांगलं चालतं, कारण सगळे एकमेकांना ओळखतात आणि पुस्तक परत मागताना लाज वाटत नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकात आणि मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर जुनी इंजिनिअरिंगची पुस्तकं निघतात. निवृत्त इंजिनिअरांच्या घरची रद्दीही तिथेच पोचते, हे बघून वाईट वाटतं, पण आपला फायदा होतो. आणि एक साठा असा आहे ज्याला कॉपीराइटच नाही: अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी केलेलं लिखाण. त्यांच्या लष्करी अभियंता दलाच्या पुस्तिका, महामार्ग प्रशासनाचे पाया आणि पुलांवरचे जाडजूड ग्रंथ, ब्यूरो ऑफ रिक्लमेशनचं छोट्या धरणांवरचं पुस्तक, हे सगळं फुकट, अधिकृत आणि उत्तम. त्यातले सूत्रांमागचे विचार घ्या, भारांक आणि गुणक मात्र आपल्या कोडचे लावा. एनपीटीईएलवरची आयआयटी वगैरेंतल्या प्राध्यापकांची व्याख्यानं तर तुम्हाला ठाऊकच असतील.

शोधनिबंधांसाठी रास्त मार्ग सांगतो, आणि तो आश्चर्य वाटावं इतका सोपा आहे. लेखकाला ईमेल करा. निबंधाच्या पहिल्या पानावर, जे फुकट दिसतं, पत्रव्यवहारासाठीच्या लेखकाचा पत्ता असतो. चार ओळी लिहा: मी कोण, कोणत्या कामावर आहे, निबंधातलं नेमकं काय हवंय. 'सर, प्लीज सेंड पेपर' एवढंच लिहिलंत तर उत्तर येणार नाही. 'काळ्या मातीत अंडररीम पाइलवर काम करतोय, तुमच्या निबंधातल्या भारचाचणीच्या आलेखात पाइलची लांबी दिलेली दिसत नाही' असं लिहिलंत तर बहुधा निबंधच नाही, मूळ आकडेही येतात. संशोधक माणूस आपलं लिखाण कोणी साइटवर वापरतंय हे ऐकायला आसुसलेला असतो. भारतीय पीएचडीचे प्रबंध इन्फ्लिबनेटच्या शोधगंगेवर पूर्ण उघडे आहेत. निबंधात जे आठ पानांत कोंबलेलं असतं ते प्रबंधात परिशिष्टासकट मिळतं, म्हणून मी तर आधी तिथेच शोधतो.

केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक राष्ट्र एक सदस्यत्व' योजना मंजूर केली. जानेवारी २०२५ पासून सरकारी उच्च शिक्षण संस्थांना तेरा हजारांवर नियतकालिकं खुली झाली. चांगलं झालं. पण तुम्ही आणि मी, म्हणजे प्रत्यक्ष बांधणारे, त्या योजनेत नाही. ज्या सरकारी कॉलेजातून शिकलात तिथल्या ग्रंथालयात जाऊन बसायची परवानगी माजी विद्यार्थ्याला मिळते का ते विचारा. गेलात तर यादी घेऊन जा. साय-हबबद्दल (प्रकाशकांच्या परवानगीशिवाय निबंध फुकट देणाऱ्या संकेतस्थळाबद्दल) तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेलच. प्रकाशकांनी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात खटला भरला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारतात रोखण्याचा आदेश निघाला. प्रकाशकांबद्दल मला फार प्रेम आहे अशातला भाग नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, धरणाच्या गॅलरीतल्या यंत्रावर उमटलेला त्याचा आलेख, जिथे धरणाचा मागचा उतार बदलतो तिथे पडलेल्या भेगा, यावर जगभर निबंध निघाले. काँक्रीटच्या धरणाचं नवं गणित मांडणारा कोणीही आधी कोयनेवर ते तपासून बघतो. आणि पाटणच्या इंजिनिअरला आपल्याच धरणाबद्दलचा निबंध वाचायला डॉलर मोजावे लागतात. राग येतो, पण ईमेलचा रस्ता उघडा असताना आडवाटेने जायची गरज मला तरी पडलेली नाही.

एक्सेल शीटबद्दल मात्र सरळ सांगतो: दुसऱ्याची शीट उत्तरासाठी वापरू नका, फार तर ताळ्यासाठी. त्यातले लपवलेले आकडे दिसत नाहीत. एफई ४१५ या सळईच्या प्रतीसाठीचा ०.१३८ हा गुणांक सूत्रात कोंबलेला असतो आणि तुम्ही वर एफई ५०० निवडता, जिथे ०.१३३ हवा. भूकंपाची शीट किती जुनी आहे हे ओळखायची एक खूण आहे. महत्त्व गुणकाच्या यादीत फक्त १ आणि १.५ असतील तर ती २००२ च्या कोडवरची. २०१६ मध्ये दोनशेपेक्षा जास्त माणसांच्या राहत्या-व्यापारी इमारतींसाठी १.२ आला. ती खूण पटली की बाकी तपासायची तसदीही घेऊ नका, कारण त्या शीटमध्ये कॉलमची ७० टक्के आणि बीमची ३५ टक्के जडता धरण्याचा नियमही नसणार.

आता सीनियर काही देत नाहीत, ही तक्रार. पुस्तकं आणि कोड त्यांनी द्यायचे कशाला, ते बाजारात आहेत. त्यांच्याकडे जे आहे आणि कुठेच मिळत नाही ते वेगळं: शेजारच्या प्लॉटचा बोअर लॉग (जमिनीत भोक पाडून केलेली थरांची नोंद), क्रश सँडवर (दगड दळून केलेल्या वाळूवर) जमलेलं काँक्रीटचं मिक्स, पाइलच्या भारचाचणीचा निकाल, कोणत्या नाल्याकाठी मुरूम लागण्याआधी किती काळी माती आहे ते. आपल्या दख्खनी खडकात हे सोन्याच्या मोलाचं असतं. तीन मीटरवर कठीण बेसाल्ट लागला म्हणून फूटिंग टाकावं आणि खाली मऊ लाल गेरूचा थर असावा, हे प्रकार ज्याच्या बोअरमध्ये आधी दिसले तोच सांगू शकतो. कोणतंही पुस्तक सांगणार नाही.

पण हे द्यायला ते कचरतात यामागे हातचं राखण्यापेक्षा दुसरं कारण जास्त असतं. सॉइल रिपोर्टचे पैसे मालकाने भरलेले असतात, तो कागद मालकाचा. उद्या तुम्ही त्यावरून फूटिंग काढलं आणि खचलं, तर पहिलं नाव निघणार ते रिपोर्ट देणाऱ्याचं. म्हणून मागताना रिपोर्ट मागू नका, माहिती मागा. 'तुमच्या त्या भागातल्या कामात पक्का मुरूम साधारण कितीवर लागला' असं विचारलंत तर तो फोनवर सांगेल. आणि त्याच्या जिवावर तुमची बोअर वाचवायची नाही, हेही त्याला बोलून दाखवा, त्याचा धीर वाढतो. स्वतःची माहिती ग्रुपला देताना मालकाचं नाव आणि सर्व्हे नंबर काढा, गाव आणि साधारण ठिकाण ठेवा, खोली, थराचं वर्णन आणि पाण्याची पातळी महिन्यासह लिहा. मे महिन्यातली पातळी आणि ऑगस्टमधली पातळी यात जमीन-अस्मानाचा फरक, महिना नसेल तर तो आकडा निरुपयोगी. काँक्रीटच्या मिक्सचंही तसंच. सिमेंटचा प्रकार, खडीची खाण, सँडची पाणी शोषण्याची टक्केवारी आणि अॅडमिक्सचरचं प्रमाण याशिवाय 'एम ३० चं मिक्स' पाठवणं म्हणजे मीठ न सांगता आमटीची कृती पाठवणं. ग्रुपवर अशी दहा टिपणं जमली तर ती तुमच्या साठ जीबीपेक्षा जड ठरतील. आणि सीनियर लोक स्वतःहून त्यात भर घालतात, हा माझा अनुभव, कारण पहिल्यांदाच कोणीतरी मागण्याआधी दिलेलं असतं.

राहिल्या तुमच्या सरांच्या नोट्स. हस्तलिखित असलं तरी त्यावर त्यांचा हक्क होता आणि तो मृत्यूनंतर साठ वर्षं वारसांकडे असतो. त्यांच्या घरी जा, काय करायचं आहे ते सांगा, आणि स्कॅन करून मोफत वाटायला हरकत नसल्याचं एक साधं पत्र सही करून घ्या. घरचे बहुधा नाही म्हणत नाहीत. स्कॅन किमान ३०० डीपीआयवर आणि रंगीत करा, कारण शिक्षक मंडळी लाल पेनाने जे लिहितात तेच महत्त्वाचं असतं आणि काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये ते अंधूक होतं. पाठकोऱ्या पानांच्या मागेही काही लिहिलंय का ते बघा. सरांनी शिकवलं ते नव्वदच्या दशकात असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे सगळी उदाहरणं १९७८ च्या आयएस ४५६ वर आणि १९८४ च्या आयएस ८०० वर, जो स्टीलचा कोड तेव्हा वर्किंग स्ट्रेस या जुन्या डिझाइन पद्धतीचा होता आणि २००७ मध्ये लिमिट स्टेट या नव्या पद्धतीवर गेला. हे पहिल्या पानावर ठळक टाइप करून जोडा. आणि फाइलच्या नावात सरांचं नाव घाला.